गाडी परत परत तापते, किंवा गरमच होत नाही: थर्मोस्टॅट बदलायच्या आधी काय बघायचं आणि घरी कसा बदलायचा

आधी लक्षणं सांगतो, तुमच्या गाडीशी जुळतात का बघा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारा, आपले मेकॅनिक ज्याला नुसता वॉल म्हणतात तो पार्ट, दोन प्रकारे बिघडतो आणि दोन्हीची लक्षणं एकमेकांच्या एकदम उलटी असतात.

उघडाच अडकला असेल तर सकाळी गाडी काढून नाशिकमध्ये पाथर्डी फाट्यावरून द्वारका चौकापर्यंत आलात तरी तापमानाचा काटा अर्ध्यावर येत नाही. ज्यांच्या गाडीत काटाच नाही, नुसता निळा दिवा आहे, त्यांचा तो दिवा खूप वेळ विझत नाही. सिग्नलला उभं राहिलं की काटा जरा वर येतो आणि हायवेला मोकळा रस्ता मिळाला, वारा लागला की परत खाली उतरतो, हे तर एकदम पक्कं लक्षण. डिसेंबर-जानेवारीत हीटर लावला तर कोमट हवा येते. ॲव्हरेज पडतं. काही गाड्यांना चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०१२८ कोड दिसतो, त्याचा अर्थच असा की इंजिन ठरलेल्या वेळात ठरलेल्या तापमानाला पोचत नाहीये.

बंद अडकला असेल तर गाडी सुरू केल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत काटा चढायला लागतो आणि थांबतच नाही. इंजिन भट्टीसारखं तापलेलं पण रेडिएटरला हात जवळ नेला तर तो गार. बोनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतलं पाणी उसळतं, वास येतो, लाल दिवा.

तिसरा प्रकार अर्धवट अडकलेल्याचा. गावात ठीक चालते पण कसारा घाट चढताना, किंवा नांदुरीवरून सप्तशृंगी गडावर जाताना चार माणसं बसवून एसी लावला की काटा वर. खाली उतरलं की परत नॉर्मल. यात माणूस फार फसतो कारण मेकॅनिककडे नेईपर्यंत गाडी शहाण्यासारखी वागायला लागलेली असते.

लाल दिवा लागला किंवा काटा लाल पट्टीत गेला तर पुढचं काही वाचू नका, आधी गाडी बाजूला घ्या. एसी बंद, हीटर फुल गरम करून ब्लोअर फुल, आणि जागा मिळाली की इंजिन बंद. वाफ निघत असेल तर ताबडतोब बंद. झाकणाला हात लावायचा नाही. रेडिएटरच्या झाकणाखाली जवळपास १ बारचा दाब असतो आणि झाकण फिरवलं की तो सगळा उकळता कूलंट (इंजिन थंड ठेवणारं औषध घातलेलं पाणी) तोंडावर येतो. पाऊण तास, एक तास थांबा. आणि तापलेल्या इंजिनात बिसलेरीची गार बाटली ओतू नका, घाटात लोक हेच करतात, गरम ॲल्युमिनियमच्या हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तसा गार झटका बसला की हेड वाकतं नाहीतर तडा जातो आणि मग पाचशे-सातशेचं काम पंधरा-वीस हजारांवर जातं.

मी मेकॅनिक नाही, अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. गेल्या आठ-नऊ वर्षांत स्वतःच्या दोन गाड्या आणि सोसायटीतल्या, पाहुण्यांच्या अशा मिळून अकरा वेळा थर्मोस्टॅट उघडलाय. त्या अकरातल्या चार वेळा थर्मोस्टॅट चांगला निघाला, दोष दुसरीकडेच होता. म्हणून आधी बाकीचं बघा, तेही फुकटपासून सुरुवात करून.

हा पार्ट करतो काय ते थोडक्यात. आत मेणाची एक सीलबंद डबी असते. इंजिन थंड असताना स्प्रिंग झडप बंद ठेवते, पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि इंजिन पटकन तापतं. पाणी ८२ किंवा ८८ अंशांला पोचलं की मेण वितळून फुगतं, स्प्रिंगला दाबून झडप उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे जातं. कुठल्या तापमानाला उघडणार तो आकडा कडेवर कोरलेला असतो. ना वायर ना मोटर, साध्या गाड्यांमध्ये एवढंच.

पहिलं, पाण्याची लेव्हल. पैसे शून्य, वेळ दोन मिनिटं. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर बघायची. बाटलीवर मिन आणि मॅक्स अशा खुणा असतात. पण नुसती बाटली बघून थांबू नका, रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर तेही उघडा, कारण झाकणाचं रबर गेलं असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असं होतं, मी दोनदा बघितलंय. लेव्हल कमी असली की थर्मोस्टॅटच्या डबीला पाण्याऐवजी वाफ लागते आणि तो वेळेवर उघडत नाही. म्हणजे थर्मोस्टॅट चांगला असून लक्षणं हुबेहूब बिघडल्याची. बाटलीवर मार्करने आजची लेव्हल आणि तारीख लिहून ठेवा, चार दिवसांनी थंड इंजिनावरच परत बघा. ही मार्करची खूण मला आतापर्यंत सगळ्यात जास्त उपयोगी पडलीय.

रंगही बघा. हिरवा, लाल, निळा, जो असेल तो स्वच्छ पाहिजे. चहासारखा तपकिरी म्हणजे आत गंज. वर तेलाचा तवंग दिसला तर इथेच थांबा, ते काम आपलं नाही, खाली सांगतो.

दुसरं, गळती. सगळ्या पाइपांच्या तोंडाशी, क्लॅम्पच्या खाली पांढरे किंवा हिरवट वाळलेले डाग शोधा. कूलंट वाळला की असा पापुद्रा सोडतो. पाइप दाबून बघा, दाबताना करकर आवाज आला किंवा भेगा दिसल्या तर बदला. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथून ओघळ असेल तर पंपाचं सील गेलंय. आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाखालचं कार्पेट हाताने दाबा, ओलं आणि गोडसर वासाचं असेल तर हीटरची कॉइल गळतेय. पावसाळ्यात हे कार्पेट बुटांमुळेही ओलं असतं, म्हणून वास घ्या.

तिसरं, रेडिएटरचं झाकण. याला कोणी विचारत नाही. नवीन झाकण मला दीडशे-दोनशेत मिळालंय आणि त्याने दोन गाड्या बऱ्या झाल्यात. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे, इथे साधं पाणी ९८ अंशांलाच उकळतं. झाकणाच्या स्प्रिंगने ०.९ बारचा दाब धरला की तेच पाणी ११५च्या वर गेल्याशिवाय उकळत नाही. म्हणजे झाकण मऊ पडलं तर तुमचा सगळा मार्जिन गेला, घाटात जरा लोड आला की पाणी बाहेर. इंजिन थंड असताना झाकण काढा, खालचं रबर बोटाने चाचपा. कडक झालेलं, चिरलेलं, किंवा रबरावर रेडिएटरच्या नरड्याच्या (झाकण बसतं त्या तोंडाच्या) कडेचा खोल ठसा उमटलेला असेल तर बदला. वर ०.९ किंवा १.१ असं लिहिलेलं असतं, त्याच आकड्याचं घ्या. जास्त दाबाचं लावलं तर जुने पाइप फाटतात.

चौथं, फॅन. गाडी सुरू करा, एसी लावा, बोनेट उघडून उभे राहा. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर फॅन फिरलाच पाहिजे. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले. रिले तपासायचा सोपा उपाय म्हणजे त्याच बॉक्समधला तसाच दुसरा रिले, हॉर्नचा वगैरे, नंबर जुळत असेल तर अदलाबदल करून बघायचा. द्वारकेला किंवा मुंबई नाक्याला ट्रॅफिकमध्ये तापते पण हायवेला लागली की काटा उतरतो, असं असेल तर संशय फॅनवर आधी घ्या. थर्मोस्टॅट बंद असता तर हायवेला अजून तापली असती. हे एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्मा गोंधळ कमी होतो. फॅन बघताना ओढणी, सैल बाही, गळ्यातली चेन, काही लोंबतं ठेवू नका आणि बोटं लांब, तो कुठल्याही क्षणी सुरू होतो.

याच वेळी रेडिएटरच्या जाळीकडे बॅटरी मारून बघा. दिंडोरी, पिंपळगावकडे रोज जाणाऱ्या गाड्यांच्या जाळीत किडे आणि माती अशी बसते की वारा जातच नाही. एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे, दोघांच्या मधल्या फटीत कचरा साठतो. नळीने हलक्या दाबाने, इंजिनच्या बाजूने बाहेर असं पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला तर पत्र्याच्या बारीक पाकळ्या वाकतात आणि कायमच्या बंद होतात.

पाचवं, हाताने पाइपांची तपासणी. इथून पुढे खऱ्या अर्थाने थर्मोस्टॅट. थंड इंजिन सुरू करा, आयडलवर ठेवा, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू. रेडिएटरचा वरचा जाड पाइप दर दोन मिनिटांनी चाचपा. चांगल्या थर्मोस्टॅटला पाइप बराच वेळ गारच राहतो आणि मग अर्ध्या-एक मिनिटात एकदम गरम होतो, हाताला कळतं की आत काहीतरी उघडलं. सुरुवातीपासून हळूहळू इंजिनाबरोबरच कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा आहे. काटा अर्ध्याच्या वर गेला तरी गारच, तर बंद आहे किंवा आत हवा अडकलीय, आणि मग गाडी बंद करा, हट्टाने बघत बसू नका. काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाच्या तोंडाशी असतो, त्यात वरचा पाइप आधीपासूनच गरम होत जातो, तो बघून थर्मोस्टॅट उघडा अडकला असं म्हणू नका. तिथे खालचा पाइप एकदम गरम होतो का ते बघायचं. तुमच्या गाडीत कुठे आहे ते माहीत नसेल तर दोन्ही पाइप इंजिनपर्यंत बघत जा, ज्याच्या टोकाला दोन-तीन बोल्टांची टोपी आहे, ते हाउसिंग.

सहावं, स्कॅनर. ब्लूटूथचा छोटा ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारा, मी पाचशेत घेतला होता, मोबाइलवर फुकटचं ॲप टाकायचं. स्टिअरिंगच्या खाली सॉकेट असतं तिथे लावा. पहिलं काम, सकाळी इग्निशन ऑन करून इंजिन सुरू न करता कूलंटचं तापमान वाचा. जानेवारीतल्या पहाटे बाहेर १० अंश असेल तर तिथेही १०-१२च्या आसपास दिसलं पाहिजे. ३५-४० दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय आणि तुम्ही उगाच थर्मोस्टॅट उघडणार होतात. सेन्सर बरोबर असेल तर गाडी चालवा. ८२चा थर्मोस्टॅट असलेली गाडी हायवेला साधारण ८२ ते ९२च्या मधे राहते. ६५-७०वर घुटमळत असेल तर उघडा अडकलाय, आता पाना घ्यायला हरकत नाही.

आता एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण आपल्याकडे हे सर्रास चालतं. मे महिन्यात कसारा घाटात माझी गाडी तापली, मी एका गॅरेजला दिली, त्यांनी दुसऱ्या दिवशी परत दिली, "झालं काम भाऊ, आता नाही तापणार." खरंच नाही तापली. पण पावसाळ्यानंतर ॲव्हरेज १६वरून १३वर आलं, हिवाळ्यात हीटर निकामी, ऑइलच्या झाकणाखाली पिवळट पांढरा चिकटा जमायला लागला. मला वाटलं हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, गेलं, दोन रात्री झोप नाही. शेवटी एका रविवारी हाउसिंगचे दोन बोल्ट काढले, टोपी उचलली आणि आत बॅटरी मारली. आत काहीच नव्हतं. नुसतं गोल भोक, आणि जिथे थर्मोस्टॅटची कडा बसते तिथली खाच रिकामी. त्यांनी वॉल काढून फेकून दिला होता आणि मला सांगितलंही नव्हतं.

थर्मोस्टॅट काढणं म्हणजे दुरुस्ती नाही. इंजिन कायम थंडच राहतं, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं अजून गरम व्हायचंय म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, ऑइलमधली वाफ आणि पेट्रोल उडून जात नाही, त्याचाच तो चिकटा होतो, पिस्टनच्या रिंगा झिजतात. आणि बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खालून दुसरी एक चकती असते, ती झडप उघडल्यावर बायपासचा रस्ता बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायम उघडा, काही गरम पाणी रेडिएटरकडे न जाता तिथल्या तिथे फिरतं आणि नेमकी घाटातच गाडी तापते. म्हणून "आपल्याकडे उन्हाळा आहे, वॉल लागत नाही" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, प्लीज. उन्हाळा असला तरी इंजिनाला ८५-९०च हवं असतं.

सातवं, घरी बदलणं. लागतं काय: १० नंबरची गोटी (सॉकेट) आणि रॅचेट, काही गाड्यांना १२ नंबर, एक पक्कड, पसरट टब, नवीन थर्मोस्टॅट, त्याचं पॅकिंग किंवा रबर रिंग, कूलंट, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. पार्ट घेताना गाडीचा चासी नंबर दुकानदाराला द्या आणि ओरिजिनल घ्या. लोकल आणि ओरिजिनलमध्ये माझ्या गाडीला साडेतीनशेचा फरक होता, लोकलवाला दहा महिन्यांत उघडाच अडकला, तेव्हापासून मी तो फरक देतो.

इंजिन पूर्ण थंड पाहिजे, म्हणजे सकाळी करा. बॅटरीची मायनस वायर काढा, म्हणजे फॅन अचानक लागायची भीती नाही. रेडिएटरच्या खालच्या बुचातून दीड-दोन लिटर टबात काढा, थर्मोस्टॅट वरच्या बाजूला असेल तर तेवढं पुरतं. खालच्या बाजूला असेल तर जवळजवळ सगळंच काढावं लागतं. हा कूलंट चवीला गोड असतो आणि विषारी असतो, मांजर-कुत्रं एकदा प्यायलं तर मरतं, म्हणून टब झाकून ठेवा. आणि गटारात ओतू नका. आपली गटारं नाल्यातून नासर्डीत आणि नासर्डी गोदावरीत जाते. कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

क्लॅम्पची दोन कानं पक्कडीने दाबून मागे सरकवा. पाइप चिकटलेला असतो, त्याला आधी गोल फिरवून मोकळा करा आणि मग ओढा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, रेडिएटरचं नळकांडं प्लॅस्टिकचं असतं, तडकलं की नवीन रेडिएटर. हाउसिंगचे बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने सैल करा. बोल्ट हलत नसेल तर गंज सुटायचा स्प्रे मारून अर्धा तास थांबा, परत हलकेच प्रयत्न करा, आणि तरी पाना स्प्रिंगसारखा पिळल्यासारखा वाटला तर तिथेच सोडून द्या. ॲल्युमिनियममध्ये बोल्ट तुटला तर तो काढणं हे टर्नरचं काम आहे, तेवढ्यासाठी पुढे टो करून न्यायची वेळ येते.

जुना काढल्यावर तो कसा बसला होता त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. आता उजेडाकडे धरून बघा. थंड असूनही झडपेच्या कडेने उजेडाची फट दिसली तर निकाल लागला. फट नसेल तर पातेल्याची टेस्ट. एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं घ्या जे परत स्वयंपाकघरात जाणार नाही. झडपेच्या फटीत जाड दोरा अडकवून थर्मोस्टॅट पाण्यात लोंबता धरा, तळाला टेकू द्यायचा नाही कारण तळ पाण्यापेक्षा जास्त गरम असतो. शेजारी किचनचा थर्मामीटर. गॅस बारीक. ७०ला काही नाही, ७५ला काही नाही, मग ८२-८४च्या आसपास फट पडायला लागते, दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टप्पकन पाण्यात पडतो. त्या क्षणी थर्मामीटर वाचायचा. मग चिमट्याने उचलून धरा, ९५पर्यंत झडप ८ मिलीमीटरच्या आसपास वर गेली पाहिजे, आणि गॅस बंद करून पाणी निवलं की हळूहळू परत घट्ट मिटली पाहिजे. उघडणं सगळे बघतात, मिटणं कोणी बघत नाही. ८८च्या किंवा त्याच्या वरच्या थर्मोस्टॅटला ही टेस्ट पूर्ण होत नाही कारण आपल्याकडे पाणी ९८लाच उकळायला लागतं, त्यात नुसतं उघडायला सुरुवात होते का ते बघून समाधान माना. आणि नवीन पार्टही बसवण्याआधी असाच उकळून बघा. पंधरा मिनिटं जातात पण परत सगळं उघडायचं वाचतं.

बसवताना तीन गोष्टी. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. उलटा बसला तर डबीला गरम पाणी लागत नाही, झडप उघडत नाही, आणि पहिल्याच फेरीत गाडी तापते. दुसरं, कडेवर छोटी पिन लोंबत असते, ती हवा जाण्यासाठी आहे, ती सगळ्यात वर, घड्याळाच्या १२वर. तिसरं, बसायची जागा एकदम स्वच्छ आणि कोरडी. जुनं कागदी पॅकिंग चिकटलेलं असेल तर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, लोखंडी पात्याने ॲल्युमिनियमवर चरा पडतो आणि तिथूनच गळतं. रबर रिंगवाल्याला सिलिकॉन, बॉण्ड काही लावायचं नाही, जास्तीचा बॉण्ड आत सुटून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतो. बोल्ट हाताने पूर्ण आवळून मग रॅचेटने आळीपाळीने थोडे थोडे. हे छोटे बोल्ट, साधारण १० न्यूटन मीटर पुरतं, मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. आटे गेले की परत टर्नर.

आठवं, हवा काढणं, आणि परत परत तापणाऱ्या गाड्यांमध्ये चूक बऱ्याचदा इथेच झालेली असते. वॉल नवीन, कूलंट नवीन, आणि दुसऱ्या दिवशी परत लाल दिवा, लोक म्हणतात पार्ट खराब दिला. पार्ट चांगला असतो, त्याच्या भोवती हवेचा फुगा असतो. गाडीचं तोंड चढावर करा, आमच्या पार्किंगच्या रॅम्पवर मी पुढची चाकं वर घेऊन लावतो, मागच्या चाकांना दगड आणि हँडब्रेक. हीटर फुल गरमवर. हाउसिंगवर हवा काढायचा स्क्रू असेल तर सैल करा. कूलंट अगदी बारीक धारेने ओता, मधे मधे वरचा पाइप हाताने दाबत राहा, बुडबुडे येतात. भरला की स्क्रू आवळा, बॅटरीची वायर परत लावा आणि झाकण न लावता इंजिन आयडलवर सुरू करा. लेव्हल खाली जाईल, भरत राहा. पाइप एकदम गरम झाला, ब्लोअरमधून खणखणीत गरम हवा आली आणि फॅन दोनदा लागून बंद झाला की झालं, झाकण लावा. ब्लोअर गार आहे म्हणजे हवा अजून आत आहे. फॅन लागायच्या सुमारास पाणी नरड्यातून वर उचलतं, तेव्हा तोंड वाकवून आत बघू नका.

कूलंटबद्दल. मॅन्युअलमध्ये जो प्रकार दिलाय तोच घ्या, रंगावर जाऊ नका, दोन कंपन्यांचा हिरवा एकच असतो असं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटरबरोबर ५०:५०. लोक म्हणतात आपल्याकडे बर्फ थोडाच पडतो. निफाडला पारा पाचच्या खाली जातो हे खरं, पण माझं कारण ते नाही, माझं कारण गंज आणि क्षार.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांच्या गाडीने हेच शिकवलं. चौदा महिन्यांत दोनदा वॉल बदलला, तिसऱ्यांदा गाडी तापल्यावर माझ्याकडे आले, "अरे बघ ना, हा गाडीचाच दोष असेल का?" दुसरा थर्मोस्टॅट मी काढला तर स्प्रिंगवर पांढरट पिवळा थर, गीझरच्या कॉइलवर चढतो अगदी तसाच, नखाने खरवडला तर खवले निघाले, आणि झडप त्या थरामुळे अर्ध्यातच अडकलेली. मी विचारलं, काका पाणी कुठलं घालता? तर पार्किंगमधल्या नळाचं. म्हणजे बोअरचं. आणि रोज का घालावं लागतं, तर खालच्या पाइपाचा क्लॅम्प सैल होता, थेंब थेंब गळत होता, गरम इंजिनावर पडून वाळून जायचा म्हणून खाली डाग दिसायचा नाही. थर्मोस्टॅट बळी होता, गुन्हेगार क्लॅम्प आणि बोअरचं पाणी. सगळं सिस्टिम डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुतलं, क्लॅम्प, झाकण, थर्मोस्टॅट, नवीन कूलंट.

आता कुठे थांबायचं ते स्पष्ट सांगतो. यातलं काही दिसलं तर पाना खाली ठेवा आणि चांगल्या मेकॅनिककडे जा, शक्यतो टो करून.

सगळी हवा काढल्यावरही इंजिन चालू असताना रेडिएटरच्या नरड्यात सतत बुडबुडे येत राहणं. कूलंट कमी होतोय पण गळती कुठेच नाही. सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही पांढरा गोडसर वासाचा धूर. कूलंटवर तेल. ही हेड गॅस्केटची लक्षणं. ऑइलच्या झाकणाखालच्या पांढऱ्या चिकट्यावरून एकट्या घाबरू नका, थंड चालणाऱ्या इंजिनात तो नुसत्या ओलाव्यानेही होतो, माझ्या गाडीचं तेच झालं होतं. डिपस्टिक काढून बघा, तिच्यावरचं ऑइलही कॉफीसारखं दुधाळ असेल तर मग गाडी सुरूही करू नका.

गाडी एकदा लाल पट्टीत चालवली गेली असेल, दोन-चार किलोमीटर का होईना, तर थर्मोस्टॅट बदलून समाधान मानू नका, कॉम्प्रेशन चेक करून घ्या.

थर्मोस्टॅट टायमिंग कव्हरच्या आत किंवा इनटेकच्या खाली दडलेला असेल, त्याला वायरचा कनेक्टर असेल, किंवा मॅन्युअलमध्ये कूलंट व्हॅक्यूमने भरायला सांगितलं असेल, तर मी स्वतः हात घालत नाही. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांना तर अजिबात नाही. वॉरंटीतली गाडी असेल तरी नाही.

गॅरेजला दिलीत तर दोन गोष्टी आधी सांगा, "जुना पार्ट मला परत द्या" आणि "वॉल काढून टाकायचा नाही." नंतर घरी येऊन पाचवी तपासणी करा, पाइप एकदम गरम होतो का, पाच मिनिटांत कळतं आत काही बसवलंय की नाही.

बदलल्यावर पहिले दोन दिवस गावातल्या गावातच फिरवा. पहिल्या रात्रीनंतर सकाळी लेव्हल बघा, थोडी उतरलेली असते, राहिलेली हवा निघते, भरा. मग आठवड्याने घाटाची फेरी. मुंबईला जायला आता समृद्धीचा बोगदा झालाय, पण टेस्टला मी जुन्या रस्त्यानेच कसाऱ्याला उतरतो आणि एसी लावून परत इगतपुरीला चढतो, डोंगल लावून शेजारी कोणीतरी आकडा वाचत बसतं. काकांच्या गाडीत काकूच वाचत होत्या, अठ्ठ्याऐंशी, नव्वद, ब्याण्णव, परत नव्वद. वर आल्यावर चहा घेतला आणि बोनेट उघडून सगळे क्लॅम्प कोरड्या फडक्याने पुसून बघितले, फडकं कोरडंच होतं. ते फेब्रुवारीत. काल खाली पार्किंगमध्ये बघितलं, बाटलीवर मार्करची १६ फेब्रुवारीची खूण आहे आणि जून संपत आला तरी कूलंट त्या खुणेलाच लागून आहे.